मॅक मिनीला ४के १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडताना

"दादा, १४४ चे पैसे मोजलेत आणि इथे ६० च दिसतंय." मामेबहिणीचा फोन आला तेव्हा गणपती तोंडावर होते. ती मासिकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते, आणि ते दिवस तिच्या कामाच्या ऐन धांदलीचे. एम४ चिपचा मॅक मिनी आणि २७ इंची ४के मॉनिटर नवाकोरा टेबलावर आला होता. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा होता, पण सेटिंग्जमध्ये जास्तीत जास्त ६० टिकत होते.

संध्याकाळी जाऊन बघितलं. मॉनिटर एचडीएमआयने जोडला होता आणि केबल घरातल्या जुन्या सेट टॉप बॉक्सची होती. यादीतून १२० निवडलं की पडदा दोन सेकंद काळा व्हायचा आणि पुन्हा ६० वर येऊन बसायचा. केबलचा दोष उघड होता. तिने आधीच एक नवी यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली होती (डिस्प्लेपोर्ट म्हणजे एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी दुसरी जोडणी), पण ती लावल्यावर यादीत ६० च्या वर काही येईचना. म्हणून तिने ती केबलही वाईट ठरवून खणात टाकली होती आणि पुन्हा जुनी एचडीएमआय लावली होती. रात्री साडेअकराला मी मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला. तिथे एका कोपऱ्यात डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर होती. ती १.४ केली, खणातली केबल परत लावली आणि १४४ आलं.

दोष दोन होते. एकाच वेळी दोन कड्या कच्च्या असल्या की त्यातली एक बदलून काहीच फरक पडत नाही. मग माणूस ती नवी, चांगली कडीच निरुपयोगी समजतो आणि जुनी परत लावतो. या प्रकारच्या जोडणीत बहुतेकांचा वेळ इथेच जातो. म्हणून नुसती अदलाबदल करण्यापेक्षा प्रत्येक कडीची क्षमता किती आहे, हे आधी कागदावर मांडून मग जोडायला बसावं. पुढे तेच क्रमाने सांगतो. मुख्य उदाहरण मॅक मिनीचं आहे, शेवटी विंडोजच्या मिनी पीसीबद्दलही लिहिलं आहे.

आधी एक गुणाकार

४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी साधारण २४ बिट लागतात: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ८. एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणारं चित्र) किंवा १० बिट रंग हवा असेल तर ३०. ही संख्या सेकंदाला जितक्या वेळा पाठवायची तितक्याने गुणायची. उत्तरं अशी येतात:

४के, ६० हर्ट्झ, २४ बिट: सुमारे ११.९ गिगाबिट दर सेकंदाला.
४के, ६० हर्ट्झ, ३० बिट: १४.९.
४के, १२० हर्ट्झ, २४ बिट: २३.९.
४के, १४४ हर्ट्झ, ३० बिट: ३५.८.
४के, २४० हर्ट्झ, ३० बिट: ५९.७.

प्रत्यक्षात याहून थोडं जास्त लागतं, कारण दोन चित्रांच्या मध्ये एक छोटी मोकळी जागाही पाठवावी लागते.

आता नळाची, म्हणजे ज्या जोडणीतून हे चित्र जातं तिची, रुंदी बघा. एचडीएमआय २.० चा आकडा १८ गिगाबिट असा सांगतात, पण त्यातले चित्रासाठी उरतात १४.४. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये उरतात १७.२८. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२. एचडीएमआय २.१ पूर्ण ४८ गिगाबिटचा असेल तर साधारण ४२.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले की मामेबहिणीच्या मॉनिटरवर ६० च का दिसत होतं ते लगेच कळतं. मेनूत १.२ असताना नळ १७.२८ चा होता. त्यात ६० हर्ट्झचे १४.९ मावतात, १२० चे २३.९ मावत नाहीत. मॅकने १४४ लपवून ठेवलं नव्हतं. मॉनिटरनेच त्याला सांगितलं होतं की मी इतकंच घेऊ शकतो.

तुम्ही विचाराल, १४४ ला ३५.८ लागतात आणि डिस्प्लेपोर्ट १.४ तर २५.९२ चाच आहे, मग ते चाललं कसं? याचं उत्तर डीएससी. पाठवताना चित्र दाबायचं आणि मॉनिटरमध्ये उलगडायचं, अशी ही सोय आहे. साधारण तीनास एक या प्रमाणापर्यंत दाबता येतं आणि डोळ्याला फरक जाणवू नये अशाच हिशोबाने ती बनवली आहे. मी बारीक अक्षरांवर नाक लावून बघितलं आहे, मला फरक दिसला नाही. पण डीएससी दोन्ही टोकांना असावं लागतं. मॉनिटर विकत घेताना त्याच्या तपशिलात हा शब्द शोधा. १४४ च्या ४के मॉनिटरमध्ये तो नसेल तर डिस्प्लेपोर्टवर तुम्हाला १२० आणि ८ बिट रंगावर थांबावं लागण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेही जेमतेम मावतं.

१४४० च्या म्हणजे २५६० गुणिले १४४० च्या मॉनिटरला हा सगळा व्याप लागत नाही. त्याचं १४४ हर्ट्झचं ओझं १२.७ गिगाबिट. एचडीएमआय २.० वरसुद्धा ते मावतं.

मिनी फिरवून पाठ बघा

२०२४ च्या मॅक मिनीची लांबी-रुंदी १२.७ सेंटिमीटर आणि उंची ५. तळहातावर मावतो. मागे वीज, नेटवर्क, एचडीएमआय आणि तीन थंडरबोल्ट पोर्ट (यूएसबी-सीच्याच आकाराचे, पण जास्त वेगाचे) आहेत. पुढे दोन यूएसबी-सी आणि हेडफोनची जागा.

पुढचे दोन पोर्ट मागच्यांसारखेच दिसतात, पण त्यातून चित्र जात नाही. ते फक्त १० गिगाबिटचे डेटा पोर्ट आहेत. मॉनिटर नेहमी मागे लावायचा. दुसऱ्या एकाकडे मी हेच पाहिलं होतं. "मॉनिटर मेलाय" म्हणून तो परत पाठवायची तयारी चालली होती, आणि केबल पुढच्या पोर्टमध्ये होती.

साध्या एम४ मध्ये मागचे तीन पोर्ट थंडरबोल्ट ४ आहेत, एम४ प्रोमध्ये थंडरबोल्ट ५. थंडरबोल्ट ४ मधून डिस्प्लेपोर्ट १.४ निघतो, ५ मधून डिस्प्लेपोर्ट २.१. दोन्ही यंत्रांवरचा एचडीएमआय ४के २४० हर्ट्झपर्यंत किंवा ८के ६० हर्ट्झपर्यंत जातो.

जुना मिनी असेल तर सावध राहा. २०२० चा एम१ आणि २०२३ चा साधा एम२, दोन्हींचा एचडीएमआय ४के ६० वर थांबतो. त्याला जगातली सर्वांत महाग एचडीएमआय केबल लावली तरी पुढे काही मिळणार नाही. त्या यंत्रांवर वेगवान मॉनिटर थंडरबोल्ट पोर्टमधून डिस्प्लेपोर्टनेच जोडायचा. २०२३ च्याच एम२ प्रोचा एचडीएमआय मात्र ४के २४० पर्यंतचा आहे. पुढून बघितले तर हे दोन्ही डबे सारखे, त्यामुळे सेकंडहँड घेताना चिपचं नाव "अबाउट धिस मॅक" मध्ये स्वतः उघडून वाचा.

किती पडदे आणि किती वेगाचे

साध्या एम४ वर तीन पडदे चालतात: थंडरबोल्टवर दोन, ६के ६० हर्ट्झपर्यंतचे, आणि तिसरा थंडरबोल्टवर ५के ६० किंवा एचडीएमआयवर ४के ६०. म्हणजे तीन लावले की कागदावर कोणालाच ६० च्या वरची हमी नाही. दोनच लावले तर एकाला ४के २४० किंवा ८के ६० मिळतो आणि दुसऱ्याला ५के ६०.

एम४ प्रोवर तिन्ही पडदे ६के ६० चे चालतात, किंवा एक ६के ६० आणि एक ४के २४० किंवा ८के ६०.

दोन एकसारखे वेगवान मॉनिटर घ्यायचा मोह मलाही होतो. पण साध्या एम४ वर माझा सल्ला वेगळा आहे. ज्यावर दिवसभर काम करता तो एक मॉनिटर चांगला वेगवान घ्या, आणि दुसरा ६० हर्ट्झचा पण तितकाच घट्ट ठिपक्यांचा. मेल, संदर्भाची पानं, फाइलींची यादी यांना १४४ काही उपयोगाचं नाही, अक्षर नीट दिसणं मात्र तिथेही लागतंच.

केबल

पैसे वाचवायचे तर मॉनिटरवर वाचवा, केबलवर नको, हे मी आता ठामपणे सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानात "४के केबल" म्हणून मागितलं की जी हातात येते ती ४के ६० ची असण्याचीच शक्यता जास्त. "२.१ केबल" म्हणून मागण्यातही अर्थ नाही. आवृत्तीचा आकडा पोर्टचा असतो. केबलला तिची स्वतःची श्रेणी असते.

एचडीएमआयमध्ये मागायची श्रेणी "अल्ट्रा हाय स्पीड". ही ४८ गिगाबिटची. प्रमाणित केबलच्या खोक्यावर होलोग्रामचं लेबल आणि क्यूआर कोड असतो, आणि तो एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने दुकानातच स्कॅन करता येतो. दुकानदाराला सांगून स्कॅन करा, कोणी नाही म्हणत नाही. "हाय स्पीड" आणि "प्रीमियम हाय स्पीड" ही नावं भारी वाटतात, पण त्या जुन्या आणि खालच्या श्रेणी आहेत. प्रीमियमची मर्यादा १८ गिगाबिट.

डिस्प्लेपोर्टसाठी १.४ ला पुरणारी प्रमाणित केबल "डीपी८के" नावाने येते. पुढच्या पिढीच्या "डीपी४०" आणि "डीपी८०". लांबी दोन मीटरच्या आत ठेवा. मिनी मॉनिटरच्या पायथ्याशीच बसतो, त्यामुळे एक-दीड मीटर पुरतो. एचडीएमआयचीही तीन मीटरच्या पुढे गेलात तर साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा कमी होतो. भिंतीतून केबल न्यायची असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. ती एकाच दिशेने चालते. कोणतं टोक संगणकाकडे आणि कोणतं मॉनिटरकडे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. भिंत बुजवण्याआधी दोनदा वाचा.

मॅक मिनीवर डिस्प्लेपोर्टचं मोठं भोक नाही, त्यामुळे एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्यावी. ॲडॉप्टर लावून साधी केबल जोडता येते, पण मध्ये एक सांधा वाढतो. अशा केबलच्या वर्णनात "४के १४४" किंवा "८के ६०" लिहिलं आहे का बघा. नुसतं "४के" असेल तर ती ६० वर थांबू शकते. याही केबल बहुतेक एकदिशा असतात: यूएसबी-सीचं टोक संगणकाला, डिस्प्लेपोर्टचं मॉनिटरला.

मॉनिटरला यूएसबी-सी असेल तर दोन्ही टोकांना सी असलेली केबल लागते. इथे सर्वांत जास्त फसगत होते. फोनच्या चार्जरची केबल, आणि लॅपटॉपच्या चार्जरची जाडजूड वेणी घातलेली केबलसुद्धा, बहुतेक वेळा फक्त वीज आणि जुन्या यूएसबी २ चा डेटा नेते. चित्राच्या तारा तिच्यात नसतातच. केबल चांगली दिसते, घट्ट बसते, आणि मॉनिटर "सिग्नल नाही" म्हणत राहतो. खूण म्हणून विजेचं चिन्ह आणि त्याच्याशेजारी ४ किंवा ५ असा आकडा छापलेली थंडरबोल्टची केबल घ्या. ती साध्या यूएसबी-सी मॉनिटरवरही चालते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण त्यात बरेच पैसे वाचतात. यूएसबी-सी मॉनिटर "९० वॉट चार्जिंग" म्हणून महाग विकले जातात. लॅपटॉपसाठी ती सोय उत्तम. पण मॅक मिनीचा वीजपुरवठा त्याच्या पोटात आहे आणि तो यूएसबी-सीमधून वीज घेत नाही. घरात लॅपटॉप नसेल तर त्या ९० वॉटसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मध्ये हब किंवा डॉक आला की

यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगाच्या चार लेन असतात. सगळ्या चित्राला दिल्या तर डिस्प्लेपोर्ट १.४ चे पूर्ण २५.९२ मिळतात, आणि डेटासाठी फक्त जुना यूएसबी २ उरतो. हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला, वेगवान पेनड्राइव्हही चालवायचा असतो, म्हणून तो दोन लेन चित्राला आणि दोन डेटाला देतो. चित्राचे राहिले १२.९६. त्यात ४के ६० कसंबसं बसतं. हब जुन्या म्हणजे १.२ च्या वेगाचा असेल तर दोन लेनमध्ये ८.६४ च उरतात आणि पडदा ३० हर्ट्झवर येतो. स्वस्त हबमधून माऊसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा चालतो, त्याचं कारण हेच.

म्हणून वेगवान मॉनिटर हबमधून जोडू नका, थेट मागच्या पोर्टमध्ये लावा. हब पुढच्या यूएसबी-सीवर लावा, तो पोर्ट तसाही चित्राच्या कामाचा नाही. थंडरबोल्टचा डॉक वेगळा, त्याला ४० गिगाबिटचा रस्ता असतो, पण त्याच्याही तपशिलात ४के १४४ स्पष्ट लिहिलेलं असेल तरच भरवसा ठेवा.

मॉनिटरमधलाच यूएसबी हब वापरायचा असेल आणि मॉनिटर एचडीएमआयने किंवा डिस्प्लेपोर्टने जोडला असेल, तर हबसाठी वेगळी केबल लागते. डब्यात येणाऱ्या अशा केबलचं संगणकाकडचं टोक पुष्कळदा जुन्या चपट्या यूएसबीचं असतं. २०२४ च्या मिनीवर तसा एकही पोर्ट नाही. एक छोटा ॲडॉप्टर आधीच आणून ठेवा, नाहीतर रविवारी संध्याकाळी काम अडतं.

मॉनिटरला मॉनिटर जोडून साखळी करायची असेल तर मॅकवर डिस्प्लेपोर्टची साखळी चालत नाही. पुढच्या मॉनिटरवर पहिल्याचंच चित्र दिसतं. वेगळं चित्र हवं असेल तर थंडरबोल्टचे मॉनिटर लागतात, नाहीतर प्रत्येकाला स्वतंत्र केबल.

मॉनिटरचा मेनू

हा टप्पा लोक वगळतात. मॉनिटरच्या मागची किंवा खालची कांडी दाबून मेनू उघडा आणि चार गोष्टी बघा.

पहिली, डिस्प्लेपोर्टची आवृत्ती. जुन्या संगणकांवर चालावा म्हणून काही मॉनिटर १.२ वर ठेवून पाठवतात. ती १.४ किंवा त्याहून वरची करा. काही मेनूंमध्ये एचडीएमआयसाठीही २.० आणि २.१ असा पर्याय असतो.

दुसरी, मॉनिटर यूएसबी-सीवर असेल तर "हाय रिझोल्यूशन" की "हाय डेटा स्पीड" असा पर्याय. वर सांगितलेल्या चार लेनची वाटणी इथे ठरते. वेग हवा असेल तर रिझोल्यूशन निवडा.

तिसरी, ॲडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करण्याची सोय. ते बंद असेल तर मॅकच्या यादीत "व्हेरिएबल" हा पर्याय येत नाही.

चौथी, "डीप स्लीप" आणि "ऑटो इनपुट". मॅक झोपेतून उठल्यावर मॉनिटर काळाच राहत असेल तर ही दोन्ही बंद करून बघा.

मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टवर "२.१" लिहिलेलं असलं तरी तो ४८ गिगाबिटचा असेलच असं नाही. नियमांनुसार २.० ची सगळी क्षमता २.१ मध्येच मोडते, त्यामुळे १८ गिगाबिटच्या पोर्टलाही २.१ म्हणता येतं. मॉनिटर घेताना तपशिलाच्या पानावर "एचडीएमआयवर ४के १४४" असं पूर्ण वाक्य शोधा.

आता सेटिंग्ज

सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा. रिफ्रेश रेटच्या यादीत १४४ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर सेटिंग्जशी खेळत बसू नका. वरची एखादी कडी कच्ची आहे, ती शोधा.

१४४ च घ्यायचं असंही नाही. व्हिडिओचं काम करत असाल तर चित्रीकरणाच्या वेगाला जो आकडा पूर्ण भाग जातो तो बरा. सिनेमाच्या २४ फ्रेमना १२० आणि १४४ दोन्ही चालतात. ३० फ्रेमला १२० बरा. आपल्याकडे टीव्हीसाठी २५ फ्रेमचं काम बरंच असतं, त्याला १०० नीट बसतो.

आता रिझोल्यूशन, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला याचा फरक इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त जाणवतो. आपलं अक्षर शिरोरेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाढतं. वर अनुस्वार, मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं. "कर्तृत्व" हा शब्द १२ पॉइंटमध्ये लिहून बघा. २७ इंची १४४० च्या मॉनिटरवर एका इंचात १०९ ठिपके असतात. तिथे "तृ" चा ऋकार आणि त्यावरचा रफार, दोन्ही दोन-तीन ठिपक्यांत उरकले जातात आणि नुसते करडे डाग दिसतात. त्याच आकाराच्या ४के पडद्यावर इंचाला १६३ ठिपके मिळतात आणि रफाराची वळणदार शेपटी दिसू लागते. ५के २७ इंचीवर २१८ मिळतात, ते छापील पानाजवळ जातं.

मॅकवर हे आणखी ठळक होतं. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा उपपिक्सेलने मऊ करण्याची जुनी पद्धत काढून टाकली. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर त्यामुळे अक्षर जास्त फिकट दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: मॅकवर मराठीचं काम असेल आणि १४४० चा २४० हर्ट्झ की ४के चा १४४ असा प्रश्न असेल, तर ४के घ्या.

२७ इंची ४के वर मूळ रिझोल्यूशनला सगळं फारच बारीक दिसतं, म्हणून बहुतेक जण "२५६० गुणिले १४४० सारखं दिसणारं" माप निवडतात. तेव्हा मॅक आतल्या आत ५१२० गुणिले २८८० चं चित्र काढतो आणि ते ४के वर उतरवतो. अक्षरं तरीही छान दिसतात. एम४ ला हे ओझं जड जात नाही. सगळी मापं दिसत नसतील तर ॲडव्हान्स्डमध्ये रिझोल्यूशन यादीच्या रूपात दाखवायला सांगा.

एचडीआर रोजच्या कामाला बंद ठेवा. मध्यम किमतीच्या मॉनिटरवर ते चालू केलं की पांढरं पान राखाडी दिसतं आणि मांडणीचे रंग फसवे होतात.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल तर आणखी एक खूण बघा. काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात "संध्या" लिहा. अनुस्वार आणि काना यांच्या कडा पसरल्यासारख्या दिसल्या तर रंगाची माहिती अर्धीमुर्धी जात आहे. टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटचं नाव "पीसी" करा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने सुधारतं.

खरंच चालतंय का

सेटिंग्जमधला आकडा हा पुरेसा पुरावा आहे, तरी डोळ्याने बघायचं असेल तर टेस्टयूएफओचं पान क्रोममध्ये उघडा. वेगवेगळ्या वेगाने धावणाऱ्या उडत्या तबकड्या दिसतात आणि खाली मोजलेला वेग येतो. सफारीत मोजू नका. त्याच्या कित्येक आवृत्त्यांत पानं ६० च्या आसपासच रंगवली जातात आणि चांगल्या जोडणीवरही उगाच शंका येते. दुसरी परीक्षा घरची: लांबलचक मराठी लेख उघडा आणि तो सावकाश सरकवत वाचायचा प्रयत्न करा. ६० वर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ६.९ ने. सरकत्या मजकुराची शिरोरेषा एकसंध राहते की तुटक दिसते, तेवढंच बघा.

विंडोजचा मिनी पीसी असेल तर

गुणाकार तोच, केबलचे नियम तेच. फरक पोर्टांचा. अशा छोट्या पीसीवर दोन-तीन यूएसबी-सी असतात आणि त्यातला एखादाच चित्राचा असतो. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर पुस्तिका. रिफ्रेश रेट सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे सापडतो. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा ६० वरच राहतो, हाताने बदलावा लागतो. डिस्प्लेपोर्टची साखळी इथे चालते, पण सगळे मॉनिटर मिळून एकाच नळातून पितात, हे धरून गुणाकार करा.

लिनक्स आणि एएमडीची चिप असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. एएमडीच्या मुक्त स्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ च्या फेब्रुवारीत नकार दिला होता. यंत्र सक्षम असूनही तिथे ४के चा वेग अडत होता, तो याच कारणाने.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये आणखी एक खोट असते. विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. नियमाप्रमाणे ती जोडायची नसते, कारण मग मॉनिटरमधली वीज उलटी संगणकात येते. पीसी बंद केल्यावरही त्याचा दिवा मंद पेटलेला राहिला किंवा सुरू व्हायला कुरकुर करू लागला, तर आधी ही केबल काढा.

अडलंच तर

मधलं सगळं काढा. एक यंत्र, एक प्रमाणित केबल, एक मॉनिटर. मॉनिटरची वीज भिंतीतून काढून मिनिटभर थांबा. नुसतं बटण बंद केल्याने त्याची जुनी ओळख पुसली जात नाही. मग आधी मॉनिटर सुरू करा, नंतर मिनी. २०२४ च्या मिनीचं बटण तळाशी मागच्या डाव्या कोपऱ्याखाली आहे. मिनी मॉनिटरच्या स्टँडखाली बसवताना तिथे बोट जाईल एवढी जागा ठेवा.

यादीत १४४ येतं पण निवडल्यावर पडदा काळा होतो किंवा मधूनच लुकलुकतो, तर केबल बघा. यादीत १४४ येतच नाही, तर मॉनिटरचा मेनू आणि पोर्ट बघा. ३० च येतं तर मधला हब. काहीच येत नाही तर पुढचा पोर्ट किंवा चार्जिंगची केबल. या चार ओळी मी मामेबहिणीला कागदावर लिहून दिल्या आहेत.

डिस्प्लेपोर्ट काढताना डोक्यावरची कळ दाबून काढा. ओढून काढलं तर मॉनिटरचा पोर्ट खिळखिळा होतो, आणि तो दुरुस्त करणं महाग जातं. मिनी आणि मॉनिटर एकाच यूपीएसवर ठेवा, म्हणजे वीज गेली तर एक चालू आणि एक बंद असं होत नाही.

सगळं जमलं की केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहा: "४के १४४, मागचा थंडरबोल्ट". तिच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत टेबल हलवलं गेलं, सगळ्या केबल काढल्या गेल्या. तिच्या आईने चिकटपट्ट्या वाचून त्या परत लावल्या, आणि मॉनिटर उघडला तो १४४ वरच.